बुचाचा तुकडा

लग्नाच्या बँडांत क्लॅरिनेट ऐकलेलें नाहीं असा वाचक विरळाच. परंतु त्या काळ्या नळीवरील चाव्यांच्या पोटाशीं बुचाचे बारीक तुकडे डकविलेले असतात, हें थोड्यांनाच ठाऊक असेल. क्लोझे व ब्यूफे यांनीं सिद्ध केलेल्या आणि १८४४ सालीं फ्रान्सांत पेटंट झालेल्या रचनेंत साधारणतः १७ चाव्या असतात. धातू लाकडावर आदळून खटखट होऊं नये म्हणून हें बूच, असें प्रथम वाटतें. पण तें त्याचें अर्धेंच काम. चावी किती उचलली जावी हें त्याची जाडी ठरविते. बूच जाड झालें तर छिद्र पुरतें उघडत नाहीं, स्वर दबका व उतरता निघतो. पातळ झालें तर तो चढतो. सारा कारभार अर्ध्या मिलिमीटरचा!

जुनें वाद्य घरीं दुरुस्तीस घेतलें म्हणजे हें बूच दबून पापुद्र्यासारखें झालेलें आढळतें. तें खरवडावें, नवें डकवावें, कडा छाटाव्या आणि कांचकागदानें झिजवावें, कृती एवढीच. अवघड आहे तें निराळेंच. दबलेल्या बुचाची आजची जाडी कारागिरानें दिलेली नव्हे. ती काळानें आणि कोणा अज्ञात वादकाच्या बोटांनीं दिलेली. मूळची जाडी कोठें लिहिलेली नसते. मग इमान राखावयाचें तें कोणाशीं?

समुद्रतळांतील सूक्ष्म कवचांवरून प्राचीन हिमयुगांचा इतिहास वाचणारे केंब्रिजचे सर निकोलस शॅकल्टन २००६ सालीं वारले. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवीत, आणि त्यांनीं जमविलेलीं शेंकडों क्लॅरिनेटें आज एडिंबरो विद्यापीठांत आहेत. अशा संग्रहाच्या दृष्टीनें जुन्या बुचाचा कपटाही पुरावाच. परंतु घरांतलें वाद्य मुकें ठेवणें हीही त्याच्याशीं प्रतारणाच आहे, असें मला वाटतें.

मात्र सगळेंच बदलण्याची मुभा सारखी नाहीं. पोर्तुगालांतील बुचाचा ओक (आपल्या रस्त्यांवरचें पांढऱ्या फुलांचें बुचाचें झाड नव्हे) दर नऊ वर्षांनीं सोलतात. झाड मरत नाहीं, पुन्हा साल धरतें. बहुतेक चांगल्या क्लॅरिनेटांचें अंग ज्या लाकडाचें, तो आफ्रिकेंतील वृक्ष फारच मंद गतीनें वाढतो, आणि कानस लागलेलें छिद्र पूर्ववत् होत नाहीं. म्हणूनच बुचाची खटपट टाळून लाकडांतलें छिद्रच मोठें करणारा मनुष्य मला अपराधी वाटतो, मग त्याचा स्वर कितीही शुद्ध येवो. चिकटविण्यासाठीं हल्लीं रासायनिक गोंद मिळतात. मला आपला चपडाच बरा. पळस-कुसुंबावरच्या कीटकांची ही लाख ऊब लागतांच सुटते, आणि माझी चूक पुढच्या दुरुस्त करणाराला काढून टाकतां येते.

खरवडलेले कपटे मी चावीचें नांव घालून पाकिटांत ठेवतों. घरचीं माणसें हंसतात. तूर्त डाव्या करंगळीच्या चावीखालीं कागदाच्या दोन घड्या सरकवून स्वर पाहत आहें. नवें बूच अजून कापलेलें नाहीं.