माप घराचं की दुकानाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पहिली तारीख उलटली की पुढचा रविवार कुठे जातो, हे आपल्या फतेगंजच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पगार खात्यात आला की सगळं घर मॉलमध्ये. आजी-आजोबा बाकावर, पोरं ट्रॉलीपाशी, आणि यादी मात्र घरी फ्रिजवरच चिकटलेली! गेल्या गुरुवारी सत्संग झाल्यावर आम्हा महिला सेवेकऱ्यांत हाच विषय निघाला. अपरिग्रह, अपरिग्रह असं आपण ऐकतो. पण संसारी माणसानं तो पाळायचा कसा? तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

पहिली शंका एका आजींनीच काढली. म्हणाल्या, "अगं, वर्षाचं धान्य आम्हीपण भरायचो की. मग आताच्या मुलींनाच का बोल लावता?"

शंका रास्त आहे. उन्हाळ्यात नवे गहू आले की निवडायचे, ऊन दाखवायचं, दिवेल चोळायचं आणि कोठीत भरायचे. बडोद्यात कितीतरी घरांत ही रीत अजून आहे. पण भरायच्या आधी मोजणी व्हायची. घरात खाणारी तोंडं किती? यंदा लेक बाळंतपणाला येणार का? मुंज-लग्न काही आहे का? दारी येणाऱ्याचा वाटा किती? एवढं सगळं धरून मग ठरायचं, किती मण घ्यायचे ते. माप घरात ठरायचं आणि बाजारात जायचं. आता माप दुकानात ठरतं आणि पिशवीतून घरी येतं. 'दोनावर एक फुकट' हे माप आपल्या भुकेचं नाही. तो तिसरा डबा कुणासाठी घेतला, हे विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून साठवण करणं हा दोष नव्हे. न मोजता साठवणं हा दोष.

यात दुकानदाराला नावं ठेवायची नाहीत. बिग बाजार २००१ मध्ये सुरू झालं, डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ मध्ये निघालं, आणि पुढे अशी दुकानं गावोगावी झाली. छापील किमतीपेक्षा कमी भावात तेल-साखर मिळू लागली. एका पगारात पाच माणसं सांभाळणाऱ्या घराला ही खरीखुरी मदत आहे. त्यांचा हिशोब सरळ असतो: एका वस्तूवर नफा थोडा, म्हणून वस्तू भरपूर खपल्या पाहिजेत. खपवणं हे त्यांचं काम आहे. पुरे म्हणणं हे आपलं काम आहे, ते दुसरं कोणी करणार नाही.

आणि पुरे म्हणणं अवघड का झालं, त्याची एक गोष्ट आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. मग त्याने टोपल्यांना चाकाची गाडी दिली. सुरुवातीला लोक ती हातात घेईनात. तेव्हा पैसे देऊन माणसं ठेवली आणि त्यांना गाड्या ढकलत दुकानभर फिरवलं! त्यांचं बघून बाकीचेही घेऊ लागले. देवानं आपल्या हाताला एक काटा दिला होता, तो वजन सांगत होता. चाकं आली आणि हात गप्प झाला.

आता आपल्या नर्मदाकाठी बघा. गरुडेश्वरला १९१४ मध्ये समाधिस्थ झालेले प. प. टेंबे स्वामी संन्यासानंतर भारतभर पायी फिरले. पायी चालणाऱ्याला आपल्या सामानाचं वजन पावलोपावली कळतं. आपल्याला ते कळत नाही, कारण आपलं ओझं आधी ट्रॉली उचलते आणि मग गाडीची डिकी.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे. ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, हा तिचा गुण घ्यायचा. पण ती पोळ्यात साठवत जाते आणि शेवटी त्या साठ्यापायीच तिचा घात होतो, ही तिच्याकडून घ्यायची सावधगिरी. दुसरा कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत होते. तुकडा टाकला, तसा तो सुखी झाला.

उद्यासाठी काहीच ठेवू नये हा नियम भिक्षूला आहे, आपल्याला नाही. गृहस्थाच्या घरी धान्य नसेल तर दारी आलेल्याला वाढणार काय? गृहस्थाचा साठा वाढण्यासाठी असतो. बुरशी येण्यासाठी नसतो.

आणि बुरशी येते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात अंदाज दिला आहे, की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतात घरात वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. हे सगळं काही सवलतीमुळे होत नाही. पण अन्न पूर्णब्रह्म म्हणून ताटाला नमस्कार करणाऱ्यांनी आपला वाटा तपासायला नको का?

एक गोष्ट जरा कडू आहे, तरी सांगतो. बिस्किटांची, नूडल्सची तारीख संपत आली की आपण ती पाकिटं घरकामाच्या मावशींच्या हाती देतो आणि मनात म्हणतो, चला, दान झालं. हे दान नव्हे, हे फडताळ रिकामं करणं झालं. जे आपल्या नातवाला देणार नाही, ते त्यांच्या नातवाला कसं चालेल? द्यायचंच तर ताजं असताना, कोठीत भरायच्या आधी द्यावं.

तर या महिन्यापुरते चार नियम घेऊया.

१. यादी फडताळ उघडून, घरात काय शिल्लक आहे ते बघूनच करायची. यादी करताना मुलांना जवळ बसवायचं.

२. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरायचं नाही. पाकिटावर किलोचा किंवा ग्रॅमचा दर छापलेला असतो, तो वाचायचा. आणि वाया जाणार असेल तर स्वस्तही महागच.

३. थोडं सामान असेल तर ट्रॉली न घेता हातातली टोपली घ्यायची. चार वस्तूंसाठी सदर बाजारातला आपला किराणावालाही आहेच.

४. सामान भरताना पहिली मूठ बाजूला काढायची. महिनाअखेरीला ते धान्य अन्नदानासाठी केंद्रावर आणून द्यायचं.

सूनबाईंनी सासूबाईंना आणि सासूबाईंनी सूनबाईंना हे वाचून दाखवावं, एकमेकींना ऐकवण्यासाठी मात्र नव्हे! 😊 पुढच्या गुरुवारी प्रत्येक घरानं एवढंच सांगायचं: यादीबाहेरच्या किती वस्तू आल्या, आणि मुठी किती निघाल्या.

आपल्या घरात कधी कमी पडू नये, आणि पुरे म्हणायची बुद्धी राहावी, एवढंच सद्गुरुचरणी मागणं.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥

— महिला सेवेकरी, फतेगंज, बडोदे