न जळलेली राख
कपाळावर भस्म ओढणाऱ्याला ठाऊक असतं, की हे जळून उरलेलं आहे. ज्वालामुखीची राख मात्र नावापुरतीच राख. तिच्यात काही जळलेलंच नसतं. शिलारसातले वायू फुगतात, त्याच्या ठिकऱ्या उडतात. खाली पडतो तो दगडाचा आणि काचेचा चुरा. भिंगाखाली धरला तर धारदार कडा दिसतात. पाण्यात तो विरघळत नाही, उलट भिजून जड होतो आणि छपरं खाली आणतो.

बालीत १९६३ साली हाच चुरा देवाच्या दारी पडला. आगुंग पर्वताच्या उतारावर बेसाकीह हे बेटावरच्या हिंदूंचं सर्वांत मोठं मंदिर. तिथे एकादश रुद्र हा शंभर वर्षांतून एकदा करायचा महाविधी मांडला होता. डोंगर फेब्रुवारीतच धुमसू लागला, तरी विधी थांबला नाही. १७ मार्चला मोठा उद्रेक झाला. त्या वर्षीच्या उद्रेकांत हजाराहून अधिक माणसं गेली.

मंदिर मात्र वाचलं.

मुहूर्त चुकला म्हणून देव कोपले, असं काहींचं म्हणणं. मंदिर राखलं ही देवांचीच कृपा, असं इतरांचं. पुरावा एकच, निकाल दोन! मग मेलेल्यांच्या घरच्यांनी कोणता मानायचा? कृपेचा हिशेब मंदिरापाशी थांबत असेल, तर तो फार तोकडा आहे.

शंभर वर्षं न थांबता १९७९ मध्येच विधी पुन्हा झाला, त्याच डोंगराखाली. राख झिजून माती सुपीक होते. बालीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांना अशाच मातीचा आधार आहे. नैवेद्याचा भातही त्यातलाच.