मुलाचे नाव कोणासाठी असते

बारशाला कानात सांगितलेले नाव मुलाचे आयुष्य घडवते, की ते केवळ ओळखीपुरते असते, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील मुलग्यांची जुनी नावे पाहिली तर त्यावर लोकांनी आपापल्या परीने दिलेली उत्तरे सापडतात.

शास्त्राची बाजू आधी पाहावी लागते. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना याज्ञिकांचा एक नियम दिला आहे. मुलगा झाल्यावर दहावा दिवस उलटला की पित्याने त्याचे नाव ठेवावे. त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण असावा आणि आदिस्वर वृद्धीचा नसावा. नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, धातूपासून साधलेले कृदन्त असावे, नामाला प्रत्यय लावून साधलेले तद्धितान्त नसावे. या ध्वनींच्या अटींबरोबर दोन अटी माणसांच्या आहेत. नावाने मागच्या तीन पिढ्यांचे स्मरण व्हावे, आणि ते शत्रूच्या घरी रूढ असलेले नसावे. पुढच्या धर्मग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार आले. गृह्यसूत्रांत तर मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावे असेही एक नाव सांगितले आहे.

लोकांनी मात्र या नियमांपेक्षा नवसाला अधिक मान दिला. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. बाळंतपण अवघड झाले तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले, यश दे म्हणून विनवले आणि त्याची आठवण म्हणून नातवाचे नाव यशवंत ठेवले. ही हकीकत त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात नोंदवली आहे. पतंजलीची कसोटी काटेकोरपणे लावली तर हे नाव बसत नाही, कारण ‘वंत’ हा प्रत्यय तद्धित आहे. पण त्या आजीच्या दृष्टीने त्याहून योग्य नाव नव्हते. ते मुलाचे भविष्य सांगत नव्हते. मायलेकरे सुखरूप सुटली याची कृतज्ञता त्यात होती, आणि पुढे प्रत्येक हाकेबरोबर त्या घराला सागरोबाची आठवण होणार होती.

देवाचे नाव मुलाला देण्यामागची धर्मकल्पना हीच आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा येते. आचार सोडलेला हा ब्राह्मण मरणकाळी धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारतो आणि यमदूतांच्या हातून सुटतो. नारायण नावाच्या मुलाचे त्या नावाने काय झाले, याकडे कथा पाहत नाही. फळ मिळते ते हाक मारणाऱ्या बापाला. माणदेशातले सिद्धनाथ आणि शंभू, आरेवाडीच्या बिरोबाचे बिरू, औदुंबरच्या दत्ताचे दत्तू, समर्थांनी स्थापलेल्या मारुतींच्या गावांतले मारुती ही नावे या श्रद्धेने वाचली म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. मूळ साताऱ्यातील कटगुणच्या फुले घराण्यातला जोतीही असाच जोतिबाचा. दिवसातून वीस वेळा मुलाला हाक मारणाऱ्या आईच्या तोंडी तितक्याच वेळा देवाचे नाव येते.

मुले जगत नसत तेव्हाची धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे वेगळ्या भीतीतून आली. दृष्ट लागू नये, मृत्यूने या लेकराकडे वळूनही पाहू नये, म्हणून त्याला मुद्दाम कवडीमोलाचे नाव द्यायचे. या नावांना अडाणीपणा म्हणून हसणे अन्यायाचे आहे. आधीची लेकरे गमावलेल्या आईकडे तेवढाच उपाय उरलेला असे.

नावाचा परिणाम बोलणाऱ्यांच्या मनातून होतो, याची काळी बाजूही आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे सांगितले आहे. निंदेचे ते नाव वापरणारा समाज रोज एका माणसाला खाली ढकलतो, आणि असा नियम परंपरेचा म्हणून जपण्यासारखा नाही. मुलगी नको होती म्हणून ठेवलेले ‘नकुशी’ हे नाव त्याच जातीचे. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत आलेले सिद्धार्थ, गौतम, राहुल आणि मिलिंद हे तर एका समाजाने स्वतः निवडलेले जुने वैभव. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची नावे त्या घरांना नवी होती, आणि म्हणूनच पारंपरिक नाव म्हणजे केवळ आजोबांचे नाव असे समजण्याचे कारण नाही.

तीन पिढ्यांच्या स्मरणाची अट राजघराण्यांनी कसोशीने पाळली. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवले. तोच पुढे शाहू म्हणून ओळखला गेला आणि १७०८ मध्ये साताऱ्यास छत्रपती झाला. शाहू हे नाव औरंगजेबाच्या छावणीत पडले असे सांगतात. शत्रूच्या घरचे नाव नको, हा नियम इथे इतिहासाने उलटवला, आणि तरीही ते नाव मराठ्यांना इतके आपले झाले की साताऱ्याच्या गादीवर दुसरे शाहूही आले. सांगलीच्या पटवर्धनांचे दैवत गणपती. तिथे चिंतामणराव, मग धुंडिराज, मग पुन्हा चिंतामणराव, अशी गणेशाचीच नावे फिरत राहिली.

आजोबांचे नाव नातवाला ठेवले की घरात एक अडचण उभी राहते. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मग मुलाला हाक कशी मारायची? अप्पा, तात्या, आबा, बापू, अण्णा, बाळासाहेब ही घरगुती नावे रुळण्यात या रिवाजाचाही वाटा आहे. पहिल्या चिंतामणरावांना लोक अप्पासाहेब म्हणत, धुंडिराजांना तात्यासाहेब. कागदावरचे नाव पूर्वजांचे आणि तोंडातले मायेचे, अशी वाटणी कृष्णाकाठच्या अनेक घरांत झाली. आता सुना सासऱ्याचे नाव सहज घेतात. त्यामुळे आजोबांचे विठ्ठल किंवा शंकर हे नाव नातवाला द्यायचे तर आड येणारा तो संकोच राहिलेला नाही. घरातल्या माणसांना ते नाव रोज प्रेमाने घ्यावेसे वाटते का, एवढेच पाहायचे उरते.