खाणमजुराच्या श्वासाचा हिशेब

मगरिबची नमाज आटोपली की आमच्या मशिदीच्या दाराशी काही स्त्रिया पाण्याची बाटली घेऊन उभ्या असतात. त्यांत मुस्लिम असतात, तशा इतर समाजांतल्याही असतात. दोन वर्षांपूर्वी वडार समाजातील एक बाई नेमाने येऊ लागली. तिचा नवरा पलीकडच्या डोंगरात आधी सुरुंगाची भोके पाडायला आणि पुढे खडी क्रशरवर पंधरा वर्षे राबलेला. "मौलाना, चार पावले चालले तरी त्यांना दम लागतो. एवढे पाणी फुंकून द्या," ती म्हणे. आयत पढून फुंकर घालण्याला उर्दूत ‘दम’च म्हणतात. मी दम करून पाणी परत देत असे. त्या माणसाचा श्वास कोणी नेला, हा प्रश्न मात्र माझ्या मनात फार उशिरा आला. आमच्या मशिदीच्या वाढीव बांधकामाची खडी त्याच डोंगरातून आली होती.

उरण-पनवेलकडचे डोंगर फोडून नवी मुंबईच्या इमारती आणि रस्ते उभे राहिले. दगड फुटताना जी धूळ दिसते ती नाकाघशात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिच्यात सिलिका असेल तर फुप्फुसात व्रण धरतात, ते कठीण होत जाते आणि सिलिकोसिस जडतो. हा आजार बरा करणारे औषध नाही. अशा फुप्फुसात क्षयही लवकर शिरतो, त्यामुळे पुष्कळदा मजुरावर केवळ क्षयाचे उपचार होतात आणि मूळ दुखणे नोंदलेच जात नाही. आपल्याकडच्या काळ्या फत्तरात सिलिका वालुकाश्माहून कमी असते हे खरे. पण कमी विषारी धूळही वर्षानुवर्षे पोटात आणि छातीत गेली की खोकला व धाप मागे ठेवतेच.

आमच्याच जमातीतील एका खाणमालकाशी मी हा विषय काढला. गृहस्थ नमाजी आहेत, रमजानमध्ये मजुरांच्या झोपड्यांवर धान्य पाठवतात. ते म्हणाले, "मौलाना, मी घाम सुकण्याआधी मजुरी देतो. कोणावर जबरदस्ती नाही. आणि खाणीत मजूर दगावला तर मालकावर भरपाई नाही, असे हदीसमध्येच आहे ना?"

ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, म्हणून तिला बगल देऊन चालणार नाही. तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. इमाम नववी (रह.) यांच्या भाष्याचा आशय असा: एखाद्याने स्वतःच्या किंवा मालकी नसलेल्या जमिनीत खाण खोदली आणि ती कोसळून मजूर दगावला, तर मालकावर दायित्व नाही. पण लोकांच्या वाटेवर किंवा परक्याच्या जमिनीत परवानगीविना खड्डा खोदला आणि कोणी त्यात पडले, तर खोदणाऱ्याच्या पक्षावर दायित्व येते, जरी त्याने कोणाला हातही लावला नसला तरी.

म्हणजे मालकाला मिळालेली माफी दोन गोष्टींवर उभी आहे. त्याच्याकडून मर्यादेचा भंग झालेला नसावा आणि घडलेली गोष्ट त्याच्या हातची नसावी. धुळीला हे लागू पडते काय? दरड अवचित कोसळते. धूळ मात्र रोज सकाळी यंत्राबरोबरच सुरू होते. ती काय करते हे ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहेत. भोके पाडताना पाणी सोडणे, क्रशरवर फवारा ठेवणे, यंत्र व पट्टे झाकणे. हे जाणूनही जो पाण्याचा खर्च वाचवतो त्याने त्या हदीसच्या आडोशाला उभे राहू नये. मी मुफ्ती नाही आणि हा फतवाही नाही. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तो वाटेवर खड्डा खोदणाऱ्याच्या रांगेत जातो.

राहिला संमतीचा मुद्दा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. जी वस्तू मजुराच्या मालकीची नाही ती तो विकू शकत नाही आणि मालक विकत घेऊ शकत नाही. मजुरीने दिवसाचे काम मिळते, फुप्फुस मिळत नाही. शिवाय त्याच्या बायकोने कोणता करार केला होता? ती रोज संध्याकाळी धुळीने माखलेले कपडे झटकते, धुते. मुले क्रशरला लागून असलेल्या झोपडीत निजतात. त्यांनी मजुरी घेतली नाही, संमती दिली नाही. फिकहच्या भाषेत बोलायचे तर वाटेवरून जाणारे निरपराध ते हेच.

देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. गुजरातेत गोध्रा भागातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले आदिवासी मजूर सिलिकोसिसने मेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. मात्र १९५२ च्या खाण अधिनियमाने जांभा, इमारती दगड, खडी यांच्या लहान खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. खोली ६ मीटरच्या आत, मजूर ५० पर्यंत आणि सुरुंग नाही, एवढ्या अटींवर. कायद्याची अशी सूट आखिरतमध्ये दाखवता येणार नाही.

आणि धान्याच्या पिशव्यांविषयी. सदका पुण्याचाच आहे, पण जेथे हक्क देणे लागतो तेथे सदका देऊन मोकळे होता येत नाही. कर्जदाराने सावकाराला खैरात द्यावी आणि कर्ज फिटले म्हणावे, तसे ते होईल. मजुराची छातीची तपासणी, आजारपणातील खर्च, मृत्यूनंतर कुटुंबाची भरपाई हे देणे आहे, दान नव्हे.

हा दोष एकट्या मालकाचा नाही. आखाती देशांत कष्ट करून गावी बंगला बांधणारे आपण, मशिदीचा मिनार उंच करणारे आपण खडीचा दर विचारतो. क्रशरवर पाणी मारले जाते का, हे विचारत नाही. पुढील बांधकामाची खडी धूळ आवरणाऱ्याकडूनच घ्यावी, दर अधिक पडला तरी, असा प्रस्ताव मी जमातीपुढे ठेवला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.

त्या बाईचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. ती अजूनही मगरिबनंतर दाराशी उभी असते. आता पाणी मुलासाठी नेते. तो त्याच क्रशरवर लागला आहे आणि त्याला अजून काहीही झालेले नाही. तोवरच आपल्याला काही करता येण्यासारखे आहे.