नाकेबंदीचे माप

शत्रूच्या बंदराबाहेर लढाऊ जहाजे उभी करून त्याचा व्यापार कोंडण्याची युद्धनीती फार जुनी आहे. कोंडी खरोखर झाली की नाही हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न मात्र तितका जुना नाही. १८०६ मध्ये ब्रिटनने ब्रेस्टपासून एल्ब नदीपर्यंतचा किनारा बंद झाल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढून संपूर्ण ब्रिटिश बेटांची नाकेबंदी पुकारली. इतका पसारा अडवायला पुरेशी जहाजे दोघांकडेही नव्हती. तरी या फर्मानांच्या आधाराने तटस्थ देशांचा माल सर्रास जप्त झाला. या कागदी नाकेबंदीला आळा घालण्यासाठी १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने नियम घातला की नाकेबंदी बंधनकारक ठरायची तर ती परिणामकारक असली पाहिजे, म्हणजे तिच्यामागे पुरेसे बळ उभे असले पाहिजे. ‘पुरेसे’ म्हणजे किती, याचे उत्तर जाहीरनाम्यात नव्हते. माझ्या मते ते उत्तर मुत्सद्द्यांच्या मेजावर सापडलेच नाही. अमेरिकी यादवी युद्धात बंदरांच्या तोंडाशी महिनोन्‌महिने हेलकावे खात उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनी ते घडवले, आणि त्यांत सॅम्युएल फिलिप्स ली या अधिकाऱ्याचा वाटा जितका मोठा आहे तितकी त्याची दखल घेतली गेलेली नाही.

१९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साडेतीन हजार मैलांचा, आणि कामावर असलेली जहाजे चाळीसच्या आसपास. त्यांतलीही कित्येक परदेशी समुद्रांत. असेच एक जहाज, ‘व्हँडालिया’, ली पूर्वेकडे घेऊन निघाला होता. केप ऑफ गुड होपला युद्धाची बातमी कळताच त्याने हुकमाची वाट न पाहता जहाज मायदेशी वळवले आणि चार्ल्स्टन बंदरासमोरच्या पहाऱ्यात दाखल केले. तो व्हर्जिनियाचा, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली त्याचा नातलग. तेव्हा हा निर्णय केवळ शिस्तीचा नव्हता, निष्ठेचाही होता. पहिल्या वर्षीची ही नाकेबंदी फर्मानापेक्षा फार बळकट होती असे म्हणता येणार नाही. तरी फेब्रुवारी १८६२ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांनी ती मान्य केली. त्यांचा निकष असा की काही जहाजे निसटली तरी चालेल, पण ये-जा करणे उघडउघड धोक्याचे होईल इतके बळ बंदरापुढे असले पाहिजे. रसेलना यात ब्रिटनचा पुढचा स्वार्थ दिसत असणार, कारण उद्या हेच हत्यार त्यांनाही लागणार होते. हेतू काहीही असो, कल्पना एक पाऊल पुढे सरकली. नाकेबंदी म्हणजे बंद दार ही समजूत गेली आणि नाकेबंदी म्हणजे धोका हा विचार आला.

धोका वाढवायचा कसा, हे विल्मिंग्टन या दक्षिणेच्या बंदरापुढे ठरले. सप्टेंबर १८६२ मध्ये लीकडे उत्तर अटलांटिक नाकेबंदी ताफ्याची सूत्रे आली. विल्मिंग्टन केप फिअर नदीवर, आणि नदीच्या मुखावरच्या एका बेटामुळे तिथे शिरायला दोन वाटा होत्या. एकीवर फोर्ट फिशरच्या तोफा, दुसरीवर फोर्ट कॅसवेलच्या. या वाटांमध्ये अंतर थोड्याच मैलांचे. पण मधला फ्राइंग पॅन नावाचा उथळ वाळूचा पट्टा समुद्रात दूरवर गेलेला असल्याने, एका वाटेवरचे जहाज दुसरीवर न्यायचे तर कित्येक पट लांबचा वळसा पडे. म्हणजे एकाच बंदरासाठी दोन ताफे हवेत. नाकेबंदी चुकवून माल नेणारी समोरची जहाजे खास याच धंद्यासाठी बांधलेली होती: बुटकी, राखाडी रंगाची, वेगवान, धूर कमी करणारा कोळसा जाळणारी. नासाऊ किंवा बर्म्युडाहून निघून ती अंधाऱ्या रात्री भरतीची वेळ साधत. ली मूळचा किनारा-सर्वेक्षणात मुरलेला माणूस, आणि त्याची मांडणीही तशीच आखीव होती. वाळूच्या बांधालगत लहान जहाजांची आतली रांग, तिच्याबाहेर दुसरी, आणि खूप दूर, रात्री निसटलेले जहाज दिवस उजाडल्यावर जिथे असेल असा हिशेब करून, भर समुद्रात वेगवान जहाजांचा फेरा. आतल्या रांगेने सर्वांना पकडावे अशी तिच्याकडून अपेक्षाच नव्हती. एका रांगेतून सुटलेल्याला दुसरी, तिसरी भोवावी आणि प्रत्येक फेरी महाग पडावी, हा हेतू होता. शिवाय कोळसा भरायला आणि डागडुजीला आपली जहाजे आळीपाळीने ब्यूफोर्टच्या तळावर धाडायची, म्हणजे कागदावरचा ताफा आणि जागेवरचा ताफा कधीच सारखे नसत. या कंटाळवाण्या कामात कर्तबगारी दिसायला जागा फार थोडी असते, म्हणूनच ती शोधून सांगावी लागते.

यावरचा मुख्य आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो सहज झटकण्यासारखा नाही. इतिहासकार स्टीफन वाइज यांच्या हिशेबानुसार वाफेच्या जहाजांनी नाकेबंदी ओलांडण्याचे सुमारे १,३०० प्रयत्न केले आणि त्यांतले हजाराहून अधिक साधले. त्या वाटेने दक्षिणेला सुमारे चार लाख बंदुका मिळाल्या. मग ही नाकेबंदी कसली, असे कोणीही विचारील. पण हा हिशेब फक्त आलेल्या जहाजांचा आहे. जी आलीच नाहीत त्यांची नोंद कोणत्याच बंदरात सापडणार नाही. युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे एक कोटी गासड्या कापूस बाहेर गेला होता. युद्धाच्या अखेरच्या तीन वर्षांत गेला तो सुमारे पाच लाख. अवजड माल वाहणारी मोठी गलबते नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी वेगासाठी पोट बारीक केलेली जहाजे आली. त्यांत बंदुका मावत, रेल्वेचे रूळ आणि इंजिने पुरेशी मावत नसत. किनाऱ्याने चालणारी वाहतूक थांबून तिचा भार आधीच खिळखिळ्या झालेल्या रेल्वेवर पडला. या जहाजांतली जागा इतकी मोलाची झाली, की १८६४ च्या आरंभी दक्षिणेच्या सरकारने चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली आणि प्रत्येक जहाजातली निम्मी जागा स्वतःसाठी राखली. चाळणीतून व्यापार सुखाने वाहत असता तर असा कायदा करण्याची पाळी आली नसती.

परिणामाचे खरे माप दोन बाजारांतल्या भावांच्या फरकात आहे. विल्मिंग्टनच्या धक्क्यावर काही पेन्सना मिळणारा एक पौंड कापूस १८६४ मध्ये लिव्हरपूलला दोन शिलिंगांच्या वर विकला जाई. ही दरी म्हणजे धोक्याची किंमत, आणि ली पहारा देत होता तो या दरीवर. तिचा सर्वांत ठळक पुरावा आपल्या मुंबईत आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा आखूड धाग्याचा माल, जो पूर्वी तिथे दुय्यम गणला जाई, सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैसा इतका आला की बँका आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या भरणी कंपन्या निघू लागल्या आणि बॅक बे भरणी कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात पोचला. एप्रिल १८६५ मध्ये रॉबर्ट ली शरण गेला, कापूस कोसळला आणि १ जुलैच्या वायद्यांनी प्रेमचंद रायचंदांसह अनेकांना बुडवले. केवळ कागदावरच्या नाकेबंदीने दुसऱ्या गोलार्धातले शहर असे वर चढले आणि खाली आपटले नसते.

यावर कोणी म्हणेल की कापूस दक्षिणेने स्वतःच अडवला होता. १८६१ मध्ये ते खरे होते. ब्रिटनला नमवण्यासाठी तिने माल रोखून धरला आणि नाकेबंदी सर्वांत दुबळी असताना तिलाच हातभार लावला. पण १८६३-६४ मध्ये दक्षिण कापूस विकायला आतुर होती आणि भावातली दरी तरीही रुंदच राहिली. दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. नाकेबंदी सैनिकाआधी घरातल्या माणसाला गाठते. दक्षिणेत औषधेही अडवली गेली, आणि पहिल्या महायुद्धात हीच कल्पना दूरच्या नाकेबंदीच्या रूपाने जर्मन मुलांच्या ताटापर्यंत पोचली. ‘धोका’ हा निकष एकदा मान्य झाला की तो कुठवर ताणायचा याला कायद्यात भक्कम अडसर उरला नाही, हे या विचाराचे न फिटलेले देणे आहे.

लीच्या हेतूंवरही बोट ठेवले गेले. पकडलेल्या मालाच्या विक्रीतली अर्धी रक्कम ताफ्यात वाटली जाई आणि ताफ्याच्या प्रमुखाला त्यातला विसावा हिस्सा मिळे. लीच्या वाट्याला एक लाख डॉलरहून अधिक आले. त्याचा बाहेरचा फेरा लोभापोटी होता असा संशय त्यातूनच निघाला. लोभ असेलही, पण फेऱ्याची जागा दिवसाउजेडाच्या आणि वेगाच्या गणिताने ठरलेली होती, आणि ते गणित बरोबर होते. फोर्ट फिशरवर चढाई ठरली तेव्हा नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी १८६४ च्या शरदात लीला हलवून डेव्हिड पोर्टरला नेमले. १५ जानेवारी १८६५ रोजी किल्ला पडला आणि विल्मिंग्टन कायमचे बंद झाले. ते श्रेय पोर्टरचे आणि पायदळाचे आहे, त्यात वाटा मागण्याचे कारण नाही. परंतु त्याआधीची दोन वर्षे दक्षिणेला प्रत्येक गासडीमागे जो दंड भरावा लागला तो लीच्या रांगांनी वसूल केला. मुंबईच्या कापूस-तेजीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लिव्हरपूलच्या भावांशेजारी या ताफ्याच्या नोंदीही ठेवून वाचाव्यात. तेजीचे मूळ त्यांत अधिक स्पष्ट सापडेल.