पुरुषत्वाचे माप

जननेंद्रियाच्या आकारावरून पुरुषत्व जोखणारी मापपट्टी निसर्गाने दिली, असे पुष्कळांस वाटते. परंतु ती समाजागणिक बदलत आली आहे. प्राचीन ग्रीक शिल्पकारांनी वीरांच्या मूर्तींस लहान इंद्रिय दिले, कारण ते संयमाचे लक्षण मानीत. मोठे दिले ते सॅटिर नामक उच्छृंखल वनदेवतांस. उलट आमच्या वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’च्या सातव्या अधिकरणात वृद्धीचे उपाय सांगितले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५,५२१ पुरुषांची मोजमापे एकत्र केली गेली. उत्थित अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर भरली. हा आकडा घरात कोणी सांगत नाही, म्हणूनच जाहिरातदाराची औषधे तरुण मुकाट्याने विकत घेतो. ज्यात आपले कर्तृत्व नाही, त्याची लाज कसली? लाज वाटावयाचीच, तर ती आम्हां वडीलधाऱ्यांस आमच्या मौनाची वाटावी.