आगळीक कोणाची?

2025 च्या बकरी ईदला आठवडा उरला असताना डहाणूहून माझ्या मामेभावाचा फोन आला. कैनाडच्या बाजूला त्यांची चिकूची लहानशी वाडी आहे. कुर्बानीसाठी घेतलेला बोकड त्यांनी वाडीतल्या उघड्या पडवीत बांधला होता. रात्री बिबट्याने तो ओढून नेला आणि सकाळी ओहोळाच्या काठी अर्धा खाल्लेला सापडला. भावाचे दोन प्रश्न होते. आता दुसरा बोकड घ्यावा लागेल काय, हा पहिला. दुसरा प्रश्न त्यांनी जरा आवाज खाली करून विचारला : “भाईजान, उरलेल्या मांसावर औषध टाकून ठेवलं तर? तो परत येतोच म्हणतात. यात गुनाह आहे का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. हनफी फिकहनुसार कुर्बानी ज्याच्यावर वाजिब आहे अशा ऐपतदाराने दुसरे जनावर द्यावे. ज्याची ऐपत नव्हती व ज्याने केवळ हौसेने जनावर घेतले होते, त्याच्यावर काही उरत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मी त्या दिवशी फक्त “असे करू नका” एवढेच म्हणालो. कारणे सांगायला मला पुष्कळ दिवस लागले, आणि ती शोधताना मूळ प्रश्नच बदलत गेला.

भावाला राग बोकडाचा नव्हता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मगरिबनंतर मक्तबला जाते. डांबरी रस्त्याने जाणे, इशाच्या सुमारास परतणे, रस्त्याला दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना वाड्या आणि झुडपे. “बोकड गेला, जाऊ दे. उद्या हिच्यावर आला तर?” या वाक्याला आधी आदराने ऐकून घेतल्याशिवाय वन्यप्राण्यांविषयी काहीही बोलणे म्हणजे शहरात बसून केलेला उपदेश होय. भयभीत बापाला निसर्गाचे सौंदर्य सांगू नये.

डहाणू तालुका 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 साली त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे काम दीर्घकाळ पाहिले. याच भूमीतून चारोटी व तलासरीवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्याच्या जोडीला मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग आला, वेगवान रेल्वेचे खांब उभे राहत आहेत, नवा द्रुतगती मार्ग होत आहे. बिबट्याला मात्र घनदाट अरण्यच हवे असते असे नाही. झुडपे, ओढा, उसाचा फड, फळबाग, आणि खायला कुत्री-शेळ्या एवढ्यावर त्याचे भागते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार देशात सुमारे 13,874 बिबटे असून त्यांपैकी 1,985 महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य राखीव अभयारण्यांबाहेर राहतात. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले येथे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, जिथे जंगल जवळजवळ नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे “तो गावात शिरला” हे आपले नेहमीचे वाक्यच पुष्कळदा चुकीचे असते. तो तिथलाच रहिवासी असतो, आपल्याला केवळ अलीकडे दिसू लागलेला.

आता दीनकडे वळू. सूरह अल-अनआममध्ये अल्लाहने पृथ्वीवर चालणाऱ्या प्राण्यांना व पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. इथे गाय, उंट, मधमाशी असा भेद नाही. सुळेवालेही त्यात आले. ज्याचे मांस आपल्याला हराम आहे, ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, तोही एक समाज आहे आणि त्याचा परवरदिगार तोच आहे जो आपला आहे. आपल्यातील बरेच जण प्राण्यांवरील दयेची गोष्ट निघाली की तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची आणि मांजरीला कोंडून मारणाऱ्या स्त्रीची हदीस सांगून थांबतात. त्या हदीस थोर आहेत. पण कुत्रा आणि मांजर दुबळे होते. जो आपले लेकरू उचलून नेऊ शकतो, त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

त्या अवघड प्रश्नाजवळ जाणारी एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पूर्वीच्या एका पैगंबरांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळवले. तेव्हा अल्लाहकडून त्यांना विचारणा झाली की एका मुंगीच्या चाव्यापायी तस्बीह करणारी एक उम्मत तुम्ही जाळलीत काय? चावणाऱ्या मुंगीचा अपराध इथे नाकारलेला नाही. आक्षेप आहे तो एकीच्या कृत्याची शिक्षा सगळ्यांना देण्यावर. बोकडाच्या मांसावर टाकलेले औषध नेमके हेच करते. ते बिबट्याच खाईल याची हमी काय? कोल्हा, घार, मुंगूस, पाड्यावरच्या वारली शेजाऱ्याचा राखणदार कुत्रा, कोणीही खाईल. विषाला अपराधी ओळखता येत नाही. त्यातच बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला विष घालणे ही शिकारच ठरून तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. शिवाय वनखात्याची भरपाई पंचनाम्यावर मिळते, आणि त्यासाठी मेलेले जनावर जागेवर, जसे सापडले तसेच, असावे लागते. भावाने औषध टाकले असते तर बोकडही गेला असता आणि हक्काचे पैसेही.

मग श्वापदाला मारूच नये काय? शरीअत असे म्हणत नाही. एहराममध्येही पाच उपद्रवी प्राण्यांना मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे आणि त्यांत चावऱ्या कुत्र्याचा उल्लेख येतो. इमाम मालिक (रह.) यांनी “मुवत्ता”मध्ये त्या शब्दाचा अर्थ विस्तारून माणसांवर हल्ला करणारे व त्यांना भयभीत करणारे सिंह, बिबटे, लांडगे त्यात धरले, मात्र जे हल्ला करत नाहीत त्या तरस-कोल्ह्यांना एहराममध्ये मारल्यास भरपाई द्यावी लागेल, असेही सांगितले. हनफी आलिमांनी वेगळी वाट घेतली. त्यांच्या मते, श्वापद अंगावर धावून आले आणि मारले गेले तर काही देणे लागत नाही. पण आपण होऊन त्याच्यावर गेलो तर भरपाई लागते. मर्गीनानी (रह.) यांच्या “हिदाया”त याचा आधार म्हणून हजरत उमर (रजि.) यांची एक घटना दिली आहे. त्यांनी एहराममध्ये एक श्वापद मारले, त्याबदल्यात एक मेंढा दिला आणि कारण असे सांगितले की सुरुवात आमच्याकडून झाली होती.

हा मसला एहरामचा आहे आणि एहरामबाहेर फिकहचा हात बराच सैल आहे, हे मी लपवत नाही. कैनाडचा रस्ता म्हणजे हरमची हद्द नव्हे. तरीही ज्यांच्या धाकाने त्या काळच्या बादशाह्या हादरत होत्या, त्या खलीफांनी एका हिंस्र जनावरासमोर स्वतःला विचारले की आगळीक कोणाची, आणि उत्तर स्वतःच्या विरुद्ध आले तेव्हा किंमत मोजली. हे वाचल्यापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

कारण आपल्या रस्त्यांच्या आणि वाड्यांच्या बाबतीत तो विचारला की उत्तर बहुधा एकच येते. महामार्ग आपण आखले. डोंगर खडीसाठी आपण फोडले. ऊस आपण लावला. उघड्यावर कचरा आपण टाकला, त्यावर भटकी कुत्री पोसली गेली. आणि अकोल्याच्याच अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. इथे आपल्या समाजाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. बकरी ईदनंतर आतडी, कातडीचे तुकडे, ओझर गोणीत भरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात फेकणारे हात आपलेच असतात. ज्या दीनने रस्त्यातली इजा दूर करणे ईमानचा भाग ठरवला, त्याचे अनुयायी सण साजरा करून रस्त्यावर इजा ठेवून येतात.

परंतु इथपर्यंत येऊन थांबलो तर मी अन्यायच करीन. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन लेकरे होती. संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि अखेर तो बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या लेकरांच्या आईबापांसमोर उभे राहून “आगळीक आपलीच” असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पाच-दहा वर्षांच्या मुलाने कोणती सुरुवात केली होती? माणसांवर येणाऱ्या श्वापदाला मारण्याची परवानगी शरीअत देते, देशाचा कायदाही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने ती देतो, आणि मानवी जिवाचे मोल ठरवताना कुरआन संदिग्ध नाही. त्या गोळीबद्दल मला खेद वाटतो, आक्षेप नाही.

मला खटकते ते निराळेच. हजरत उमर (रजि.) यांच्या घटनेत सुरुवात ज्याने केली, मेंढाही त्यानेच दिला. आमच्याकडे सुरुवात करणारा एक आणि मेंढा देणारा दुसरा. महामार्गावरून काचा लावून जाणारा मी. माझ्या चहात साखर उसाच्या फडातून येते. आणि अंधारात पाणी भरायला जाणारी, कुडाच्या घराबाहेर अंगणात निजणारी वारली बाई किंमत मोजते. तिची शेळी जाते, कधी तिचे मूल जाते. शासन मृत्यूपोटी 25 लाख रुपये देते. त्याला आपण मदत म्हणतो, जणू ती खैरात आहे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ते देणे आहे, आणि ते केवळ सरकारचे नाही. शेळीच्या भरपाईसाठी गरिबाला चार खेपा घालाव्या लागत असतील, तर त्याच्याबरोबर कार्यालयात जाऊन अर्ज भरून देणारा लिहिता-वाचता मुसलमान शेजारी स्वतःच्या वाट्याचा मेंढाच देत असतो.

“पकडून लांब सोडा” ही मागणीही या दृष्टीने तपासावी. जुन्नर वनविभागात 2001 पासून बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले गेले. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते नंतर सतरापर्यंत गेले. आपल्या दारचे संकट उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणे, यापलीकडे त्यातून काय साधले? शेजाऱ्याचा हक्क शिकवणाऱ्या उम्मतीने तरी हे मागताना विचार करावा.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांकडे या सहवासाची जुनी रीत आहे. वाघोबा हे त्यांचे दैवत, आणि त्यांच्या बोलण्यात बिबट्याही वाघच. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली आहेत. वाघबारशीला तिथे नैवेद्य होतो. आमची मान मखलूकपुढे झुकत नाही, तौहीद आम्हाला तशी परवानगी देत नाही. पण इतरांच्या पूज्यांना अपशब्द वापरण्याची मनाईही त्याच कुरआनने केली आहे. त्यांच्या रीतीतली श्रद्धा आमची नसली तरी तिच्यातली एक जाणीव आम्ही विसरलो आहोत : या जमिनीवर आणखी कोणाचा तरी वाटा आहे, आणि राहायचे तर त्याच्याशी काही ठरवून राहावे लागेल.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कडेला प्यूमा, म्हणजे पहाडी सिंह, असाच राहतो. दोन मोठे महामार्ग ओलांडून शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये आलेला एक नर तिथे दहा वर्षे एकटा जगला. गाडीची धडक बसून जखमी झाल्यावर 2022 च्या डिसेंबरात त्याला डॉक्टरांनी कायमचे निजवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या दहा पदरी महामार्गावरून वन्यप्राण्यांसाठी माती-झाडांचा पूल बांधायला सुरुवात झाली होती. आपल्याकडेही पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग 44 उंच करून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, आणि वाघ ती वापरतात. सुरुवात आमच्याकडून झाली, हे सिमेंटमध्ये मान्य करण्याचा तो प्रकार म्हणावा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, जिथे बिबटे गाड्यांखाली मेल्याच्या बातम्या येत राहतात, तिथे अशी मागणी करणाऱ्यांत आपल्या जमाती दिसत नाहीत. मशिदीच्या कमानीसाठी वर्गणी आपण पटकन काढतो.

अंधार पडताच मुलांना घरात घ्या, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. तिथे कारण शैतानांच्या संचाराचे दिले आहे, बिबट्याचे नाही. पण ज्याने ही सुन्नत पाळली त्याचे मूल बिबट्याच्या वेळीही घरातच असते. उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, हेही आपल्याला ठाऊक आहे. मी भावाला हे दोन्ही कळवले. त्यांनी मशिदीत विषय काढला. दोन बैठका झाल्या, थोडी बाचाबाचीही झाली, कारण संध्याकाळी उस्तादांना मोकळा वेळ नव्हता. अखेर मक्तब असरनंतर भरू लागला. शेळ्यांना चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी लावून घेतली; वनरक्षकाने येऊन पंचनामा केला.

परवा पुन्हा फोन आला तेव्हा मी विचारले, मुलगी जाते ना? भाऊ म्हणाले, जाते, पण मी सोबत जातो. ओहोळाजवळ पावलांचे ठसे अजून दिसतात.